आपल्या दारचं पाणी

माझी लेक हसते तेव्हा आधी तिचा हात वर येतो. ओढणी असेल तर ओढणी, फाईल असेल तर फाईल, काहीच नसेल तर नुसता तळवा तोंडावर जातो आणि मग त्याच्या आडून हसू येतं. परभणीला एका कचेरीत कारकून आहे ती. बोलायला फटकळ, कुणाचं ऐकून घेणार नाही, त्यात माझ्यावर गेली आहे. पण हसायची वेळ आली की अजून तिसरीतली पोर होते. तिच्या लग्नाचा जाडजूड अल्बम आहे घरात. त्यातल्या एकाही फोटोत तिचे दात नाहीत. फोटोवाला सारखा म्हणत होता, "ताई, जरा स्माईल द्या की." मी मंडपाच्या खांबाला टेकून उभी होते आणि त्याच्या हातातला कॅमेरा काढून फेकून द्यावा असं मला वाटत होतं.

तिच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे आहेत. दात किडलेले नाहीत, घाणेरडे तर मुळीच नाहीत. ते पाण्यामुळं तसे झाले. आणि आमच्या हापशाचं पाणी तसं आहे हे गावात सगळ्यात आधी जिला कळलं ती बाई मी. एवढं एक वाक्य कागदावर उतरायला मला पंचवीस वर्षं लागली.

आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं, चारठाण्याच्या रस्त्यापासून थोडं आत. वर गाव, मध्ये ओढा, ओढ्याच्या अलीकडे आमची बौद्धवस्ती. वस्तीत शिरलं की विहार, आणि विहारासमोर हापसा. परक्या माणसाला तो साधा लोखंडी हापसाच दिसेल. आमच्या सासूबाईंना विचारलंत तर त्या आधी तुम्हाला बसायला लावतील, पाणी पाजतील आणि मग तासभर त्याची गोष्ट सांगतील.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गावात पिण्याच्या पाण्याची एकच विहीर होती, वरच्या अंगाला. वस्तीतल्या बायकांनी तिच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. खाली घागरी मांडून बसायचं आणि वरची एखादी बाई ओतेल तेवढं घ्यायचं. आत्याबाई सांगतात, "सकाळधरनं बसायचं गं उनात. आन एखादी म्हनायची, थांबा, आधी माझ्या बैलाचं होऊ दे." एका उन्हाळ्यात त्यांनी वस्तीतल्या पाच-सहा बायका गोळा केल्या, रिकाम्या घागरी डोक्यावर घेतल्या आणि पायी जिंतूर गाठलं. तिथं कचेरीच्या दारात घागरी पालथ्या घालून बसल्या. तेव्हा माझे मालक त्यांच्या पोटात होते. बऱ्याच खेट्यांनंतर एकदाची वस्तीत बोअरची गाडी आली, तीन दिवस जमीन हादरली आणि खोलवर पाणी लागलं. चवीला एकदम गोड. जितकं खोल तितकं चांगलं, असंच तेव्हा सगळे समजत.

त्या दिवसापासून आत्याबाई गावविहिरीकडं फिरकल्या नाहीत. पुढं काळ बदलला. वस्तीतल्या कुणी तिथं पाणी भरलं तर कुणी हटकत नसे. मी एकदा तसं म्हणून बघितलं. तर म्हणाल्या, "अडवत न्हाईत म्हनून जाऊ व्हय मी? माझ्या दारात पाणी हाय." त्यावर बोलायची माझी काय टाप.

हापशाचे लाडही तसेच होते. दरवर्षी जयंतीच्या आधी आत्याबाई ओटा राखेनं घासायच्या, दांडा पुसायच्या आणि त्याला निळा रंग द्यायच्या. जयंतीच्या जेवणाला वरच्या गावातले लोक येत आणि त्याच हापशाचं पाणी पीत. आत्याबाई मुद्दाम स्वतः तांब्या घेऊन पंगतीत फिरायच्या. वाढण्यात त्यांना रस नव्हता, पाणी मात्र त्यांच्याच हातून. आणखी एक रीत त्यांनी पाडली होती. वस्तीत कुणाच्याही लेकराचं उष्टावण असलं, म्हणजे त्याला पहिल्यांदा अन्न-पाणी द्यायचं असलं, की ते लेकरू आधी हापशाजवळ आणायचं. आत्याबाई स्वतः हापसून वाटीत पाणी घेणार, चमच्यानं तीन थेंब लेकराच्या ओठांवर सोडणार आणि म्हणणार, "घे, आपल्या दारचं पाणी." माझ्या लेकीलाही तसंच पाजलं. मी तेव्हा कौतुकानं रडले होते.

मी बारावी झालेली, म्हणून लग्नानंतर लगेच अंगणवाडीत लागले. अंगणवाडी वरच्या गावात, शाळेला लागून. तिथला पाण्याचा ड्रम गावविहिरीच्या पाण्यानं भरायचा. म्हणजे दहा ते दोन मी विहिरीचं पाणी पीत होते आणि घरी हापशाचं. यात काही विशेष आहे असं मला तेव्हा कधी वाटलं नाही.

लेक दोन वर्षांची असेल. जयंती पाच दिवसांवर आली होती. पाण्याचे नमुने गोळा करणारा एक माणूस सायकलवरून अंगणवाडीत आला. गरीब स्वभावाचा होता, घाम पुसत पुसत बोलायचा. महिन्यापूर्वी त्यानं गावातल्या सगळ्या पाण्याचे नमुने नेले होते. म्हणाला, "ताई, तुमच्या वस्तीच्या हापशात फ्लोराइड लय निघालंय. पाण्याची पातळी खाली गेली तसं हल्ली वाढलं असंल. विहिरीचं ठीक हाय. हापशाचं प्यायचं न्हाई आता."

मी म्हटलं, "उकळून पिऊ की."

"उकळून जात न्हाई ते. उलट आटून वाढतं. दातावर परिणाम व्हतो, हाडावर व्हतो. मोठ्यांचं जाऊ द्या, पण लहान लेकरांना अजिबात देऊ नका."

मग त्यानं पिशवीतून एक रिकामी बाटली काढली. खात्रीसाठी आणखी एकदा नमुना पाठवायचा होता. त्याचा निकाल दोन दिवसांत येणार होता, आणि तोही तसाच आला तर हापशाला लगेच लाल रंग मारावा लागेल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल की हे पाणी पिण्याचं नाही. त्याला अजून तीन गावं करायची होती. म्हणाला, "उद्या सकाळी हापशाचं भरून ठेवा, मी येताना घेऊन जातो. चिठ्ठी तेवढी नीट लिहा." माझ्या अक्षराचं त्यानं कौतुक केलं आणि गेला.

रात्रभर डोक्यात लाल रंग फिरत होता. सकाळी बाटली घेऊन हापशावर गेले तर आत्याबाई निळ्या रंगाचा डबा उघडून बसलेल्या. दांड्याला पहिला हात मारून झाला होता. मला बघून म्हणाल्या, "काय करायलीस गं बाटली घेऊन?"

"पाणी तपासायला पाठवायचंय, आत्याबाई."

त्यांचा चेहरा खुलला. ब्रश बाजूला ठेवला, पदरानं हापशाचं तोंड पुसलं आणि ओल्या रंगाला हात लागू न देता, दांड्याचं टोक धरून त्याच हापसायला लागल्या. "भर, भर. गळ्यापर्यंत भर. सायबाला म्हनावं, तपासतो काय, पिऊन बघ आमचं पाणी." बाटली भरली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, उन्हात धरून बघितली आणि परत दिली. पाणी आरशासारखं लख्ख होतं.

मी ओढा ओलांडून वर गेले. अंगणवाडीत अजून कुणी आलं नव्हतं. मी बाटली टेबलावर ठेवली आणि बघत बसले. चार दिवसांनी जयंती. वरच्या गावातले लोक पंगतीला येणार. आत्याबाई तांब्या घेऊन फिरणार आणि समोर लाल रंगाचा हापसा. कुणीतरी हसून म्हणणार, या आता आमच्या विहिरीवर. मग आत्याबाई घागर घेऊन त्या पायऱ्यांखाली उभ्या आहेत असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि माझं डोकं फिरलं. कुणावर राग होता ते सांगता येणार नाही. त्या गरीब माणसावर, विहिरीवर, जमिनीखालच्या त्या पाण्यावर. मी उठले, बाटली मोरीत पालथी केली, ड्रमच्या तोटीखाली धरली आणि विहिरीच्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरली. चिठ्ठीवर लिहिलं, बौद्धवस्ती, हापसा. ज्या अक्षरात पोरांना बाराखडी काढून द्यायची, त्याच अक्षरात.

मनाशी म्हटलं, जयंती होऊन जाऊ दे, मग सांगू. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

पुढच्या महिन्यात तो माणूस आला तेव्हा डोकं खाजवत होता. "ताई, ह्या वेळी योग्य आलंय. पहिल्या नमुन्यात काहीतरी घोळ झाला असंल." मी म्हटलं, "झाला असंल." त्यानं वहीत काहीतरी खोडलं आणि हापशाचा विषय मिटला. नंतर त्याची बदली झाली, पुन्हा दिसला नाही. त्याचा काहीच दोष नव्हता, तरी कितीतरी दिवस मला त्याचाच राग यायचा.

जयंती झाली. मग बुद्धपौर्णिमा आली, मग लग्नसराई, मग पेरण्या. सांगायचं राहून गेलं असं म्हणणं सोपं आहे. मला आठवण नव्हती असा एकही महिना गेला नाही. पण लेकीचे दुधाचे दात पांढरेशुभ्र होते, वस्तीतली पोरं टणाटणा उड्या मारत होती आणि मी स्वतःची समजूत घालत होते की असल्या माणसांना काय, उगाच भीती घालायची सवयच असते. मुलांचे दात रोज बघायचं काम माझं. मी रोज दुधाचे दात बघत होते आणि निर्धास्त होत होते.

सातव्या वर्षी लेकीचे पुढचे नवे दात आले. आधी खडूसारखे पांढरट पट्टे दिसले, मग वर्षा-दोन वर्षांत ते तपकिरी पडले. मी काय करावं? मी तिला रोज सकाळी मोरीत धरायची आणि राख आणि मिठानं तिचे दात घासायची. हिरड्यांतून रक्त यायचं. ती हात-पाय झाडायची, "मम्मी, दुखायलंय, सोड ना," म्हणायची. मी आणखी दाबून घासायची. वर तिलाच बोलायची, की पोरीच्या जातीला एवढीसुद्धा स्वच्छता नाही. सांगणाऱ्या माणसानं मला दात हा शब्द स्वतःच्या तोंडानं सांगितला होता. तरी मी घासत होते. घासून गेले असते तर मी सुटले असते, एवढीच माझी हाव होती.

शाळेत पोरं तिला मिश्रीवाली म्हणायला लागली. गावातल्या म्हाताऱ्या मिश्री लावतात, तंबाखूची काळी भुकटी, तिनं दात काळे होतात, त्यावरून. लेक पाठांतराला हुशार होती. गॅदरिंगला दरवर्षी कविता म्हणायची. चौथीत तिनं बाईंना सांगितलं, मी म्हणणार नाही. का, तर घसा बसलाय. वर्षभर तिचा घसा बसलेलाच राहिला.

आणि ती एकटी नव्हती. वस्तीतल्या तिच्या बरोबरीच्या सगळ्या पोरांचं तेच झालं. वरच्या गावातल्या बायका म्हणायच्या, वस्तीतली पोरं दात घासत नाहीत. हे माझ्यासमोर म्हणायच्या. आणि मी, वस्तीची सून, अंगणवाडीची बाई, गप्प बसायची. गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी पालकांच्या बैठकीत उभी राहून वस्तीतल्या आयांना झापलं होतं, की लेकरांना सकाळी ब्रश द्यायचा आळस करता, तंबाखूच्या पुड्या त्यांच्या हाताला लागू देता. त्या बिचाऱ्या माना खाली घालून ऐकत होत्या. त्यातल्या एकीनं दुसऱ्या दिवशी पोराला दंतमंजन आणलं आणि मला मुद्दाम आणून दाखवलं. आजही ती समोरून आली की मी वाट बदलते.

लेक कॉलेजला परभणीला गेली तेव्हा स्वतःहून दातांच्या डॉक्टरकडं जाऊन आली. सुटीत घरी आली, चुलीपुढं माझ्याजवळ बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मम्मी, माहितीय का, हे पाण्यामुळं झालंय. डॉक्टरनं बघितलं आन पहिलं हेच विचारलं, लहानपणी कुठलं पाणी प्यायचात. आपल्या हापशात फ्लोराइड असणार."

"असं व्हय?" मी म्हणाले.

तेवढंच म्हणाले. भाकरी थापत होते, थापत राहिले. ती म्हणाली, "आजीला सांगू नको. तिला लय लागंल." मी मान हलवली. पोरगी एकोणीस वर्षांची, स्वतःचं तोंड लपवत जगलेली, आणि तिला काळजी कुणाची तर आजीची. ती संधी मी घ्यायला हवी होती. आम्ही दोघीच होतो, दार लोटलेलं होतं, आणि तिनंच विषय काढला होता. यापेक्षा सोपं ते आणखी काय होणार होतं?

त्यानंतर गावात घरोघर नळ देण्याची योजना आली. पाणी तपासायला गावागावांत पाच-पाच बायका निवडल्या, त्यांत आमच्या गावातून माझं नाव पहिलं. शिकलेली, विश्वासू, अक्षर चांगलं. आम्हाला एक पेटी दिली. तीत छोट्या बाटल्या आणि रंगांचा तक्ता. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग गुलाबी राहिला तर ठीक, पिवळा पडला तर फ्लोराइड जास्त. नळाचं पाणी गुलाबी राहिलं. शाळेचं, विहिरीचं गुलाबी राहिलं. हापशाचं मी सगळ्यांत शेवटी घेतलं, आत्याबाई दुपारच्या आडव्या झालेल्या असताना. थेंब टाकले आणि बघता बघता पिवळं झालं. मला माहीतच होतं.

तेव्हा मी एक अर्धवट काम केलं. वस्तीत नळ लवकर यावेत म्हणून ग्रामपंचायतीच्या डोक्यावर बसले. पाइप आले नाहीत तर भांडले, तोट्या आल्या नाहीत तर भांडले. नळ आल्यावर घरोघर जाऊन सांगितलं, आता पिण्याला नळाचंच घ्या, हापसा धुण्याभांड्याला. कुणी का म्हणून विचारलं नाही, कारण हापसण्याचा त्रास वाचला होता. माझं मला बरं वाटलं. झालं ते झालं, पुढचं तरी वाचवलं, असं म्हणून मी हात झटकले. फक्त आत्याबाई ऐकेनात. त्यांच्यासाठी वेगळा माठ, त्यात हापशाचं पाणी. पाठ ताठली होती, खाली वाकता येत नव्हतं, गुडघे धरले होते. लोक म्हणत वय झालं. मीही तेच म्हणत होते.

गेल्या वर्षी लेकीला मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपत आली तसा प्रश्न उभा राहिला, की ती कामावर जाणार तर बाळाला कोण बघणार. ठरलं असं, की बाळ शाळेत जाण्याएवढं होईस्तोवर आमच्याकडं ठेवायचं. शनिवार-रविवार ती येणार. माझ्या आयुष्यात मला एवढा आनंद क्वचितच झाला असेल. मी पाळणा रंगवला, झबली शिवली, अंगणवाडीतल्या बायकांना सांगून सांगून वात आणला. पाण्याचं मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं, बाळाला नळाचं द्यायचं, आत्याबाईंच्या माठाला हात लागू द्यायचा नाही. म्हणजे पुन्हा न सांगताच निभावून न्यायचं.

उष्टावणाच्या दिवशी वस्तीतल्या बायका जमल्या. आत्याबाईंना मी हापशाजवळ खुर्चीवर बसवलं होतं. त्या काठी टेकत उठल्या. हापसायचं बळ राहिलं नव्हतं, तरी दांड्याला हात त्यांचाच हवा होता. मी मागून जोर दिला. वाटी भरली. लेक बाळाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. आत्याबाईंनी चमचा बुडवला आणि सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, "ह्या वस्तीतल्या समद्या लेकरांनी माझ्या हातचं पहिलं पाणी पेलंय. आता ही पन माझ्यापशीच ऱ्हानार. हिला मी रोज हापशाचं ताजं पाणी पाजनार हाय. नळाचं ते बेचव पाणी माझ्या पनतीला न्हाई द्यायची."

तीन थेंबांनी काही होत नाही हे मला कळत होतं. पण 'रोज' हा शब्द माझ्या कानात बसला. मी दिवसभर अंगणवाडीत असणार आणि घरात बाळ आणि आत्याबाई. चमचा बाळाच्या ओठांजवळ गेला आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"आत्याबाई, नका पाजू."

"का गं?"

"हे पाणी चांगलं न्हाई. लेकरांचे दात ह्याच्यानंच गेले."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, "कोन म्हनतंय?" लेकीनं मला डोळ्यांनी खुणावलं, की गप्प बस, आजीसमोर नको. तिच्या त्या खुणेनंच माझा बांध फुटला. मी तिथंच ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. तो सायकलवरचा माणूस, पहिला नमुना, आत्याबाईंनी भरून दिलेली बाटली, मोरीत ओतलेलं पाणी, ड्रमची तोटी, चिठ्ठी. राखेनं दात घासल्याचंही सांगितलं.

बाळ वाटीकडं हात करत होतं. मग आत्याबाईंनी वाटीतलं पाणी खाली ओतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं.

"मला सांगायचं न्हाई व्हय गं पोरी?" त्या म्हणाल्या. "मी गेले असते की विहिरीवर. पायरीखाली घागर मांडून बसले असते. कुनी ओतलं नसतं तर हात जोडले असते. लेकरांसाठीच तर हा हापसा आनला व्हता. लेकरांहून माझा मान मोठा व्हता व्हय?"

पंचवीस वर्षं मी स्वतःला सांगत आले होते, की मी सासूचा मान राखला. त्यांचं ऐकल्यावर कळलं, तो माझा मान होता. पंगतीत कुणी आपल्याला हसू नये म्हणून मी ती बाटली मोरीत ओतली होती.

लेक उठली. बाळाला खांद्यावर घेतलं. म्हणाली, "मला वाटायचं, कुणालाच माहीत नव्हतं." आवाज चढवला नाही. "डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मला हलकं वाटलं होतं, मम्मी. म्हटलं, चला, कुणाची चूक नव्हती." बोलताना तिचा हात तोंडाकडं गेला नाही. तिचे सगळे दात मला उन्हात स्पष्ट दिसत होते. मी खाली बघितलं.

संध्याकाळच्या गाडीनं ती बाळाला घेऊन परभणीला गेली. भांडली नाही, अबोला धरला नाही. फक्त म्हणाली, बाळ तिकडंच ठेवते, ऑफिसजवळ पाळणाघर आहे. मी म्हटलं, अगं, आता तर सगळं सांगितलं, आता मी काहीच लपवणार नाही. ती म्हणाली, "माहितीय." आणि पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी लाल रंग आणायला लावला. त्या खुर्चीवर डबा धरून बसल्या आणि मी निळ्यावर लाल रंग मारला. एका हातात निळा झाकेना, तीन हात मारावे लागले. मग मी वस्तीत घरोघर गेले. एकीनं तोंडावर दार लावलं. एकीनं शिव्या घातल्या, त्या मी ऐकून घेतल्या. दंतमंजन आणून दाखवणारी ती बाई दारात आली. तिनं आतून आपल्या पोराला हाक मारली, आता तोही बाप झालाय, आणि म्हणाली, "हास रं जरा. बाईला दाखव." तो हसला नाही. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि परत आले.

आत्याबाई आता नळाचं पाणी पितात. पण माझ्यावर भरवसा ठेवून नाही. आठवड्याला पेटी काढायला लावतात, समोर बसून थेंब मोजतात, पाणी गुलाबी राहिलेलं बघतात आणि मगच तांब्याला तोंड लावतात. मला त्याचा राग येत नाही. उलट त्या बघत असल्या की मलाच धीर येतो.

लेक अधूनमधून मोबाइलवर बाळाचे फोटो पाठवते. मागच्या रविवारी एक आला. बाळाला खालचे दोन दात आलेत आणि ते तोंड उघडून खदखदून हसतंय. मी फोटो मोठा करून आत्याबाईंना दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"पांढरे हायेत गं," त्या म्हणाल्या.

"दुधाचे हायेत, आत्याबाई. हिच्या आईचेबी पांढरेच व्हते. खरं सातव्या वर्षी कळंल."

त्यांनी मान हलवली. फोटोवरून बोट फिरवत राहिल्या, कडेकडेला, काहीतरी शोधल्यासारखं.

"आन आपली पोरगी कुठंय ह्यात?"

"फोटो तीच काढायलीय, आत्याबाई," मी म्हणाले.